ताईचं नाक

हातावर पोट असलेली माणसं जागोजागी भेटतात, नुसत्या तोंडावर पोट भरणारी तर त्याहून जास्त. ताईचं पोट मात्र नाकावर होतं. हसू नका, खरं तेच सांगतोय.

वस्तीच्या पलीकडे, तारेच्या कुंपणाआड एक भलीमोठी जागा होती. एके काळी आसपासचे रंगाचे, औषधांचे, कीटकनाशकांचे कारखाने आपला नकोसा माल तिथे आणून टाकायचे. पिंपंच्या पिंपं पुरायची, पातळ असेल ते तसंच ओतायचं, वर माती लोटायची आणि हात झटकायचे. पुढे कारखाने बंद पडले, मालक कुठल्या कुठे गेले, पिंपं गंजली, आणि त्यांच्या पोटात होतं ते जमिनीखालून विहिरींकडे सरकायला लागलं. तेव्हा कुठे वरच्यांचे डोळे उघडले आणि जागा साफ करायचं काम निघालं. ते इतकी वर्षं चाललं, की तिथल्या कामगारांची लग्नं झाली, पोरं झाली आणि पोरं शाळेतही जायला लागली. सगळे त्या जागेला नुसतं ‘खड्डा’ म्हणायचे. कुणी विचारलं, “कुठे असता सध्या?” की ही माणसं बिनदिक्कत सांगायची, “खड्ड्यात.”

खड्ड्यात जायला एक पिवळी रेघ ओलांडावी लागायची. रेघेच्या अलीकडे चहा, डबा, गप्पा, शिव्या सगळं चालायचं. पलीकडे जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दुहेरी हातमोजे, रबरी बूट आणि नाकातोंडावर मास्क. मास्क म्हणजे दुकानात मिळतो तसला कापडाचा तुकडा नव्हे. चांगला रबराचा, जड, दोन्ही बाजूंना हवा गाळायची एकेक डबी लावलेला. तो चेहऱ्याला घट्ट बसला तर आतला माणूस सुखरूप, आणि कुठे केसाएवढी फट राहिली तर एवढा सगळा थाट पाण्यात.

ती फट शोधायचं काम ताईचं. रेघेला लागून पत्र्याची एक खोली होती, तिथे तिचं टेबल. टेबलावर दोन सारख्या दिसणाऱ्या बरण्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पिकलेल्या केळ्याच्या वासाच्या तेलाचा जेमतेम थेंब टाकलेलं पाणी. समोर बसणाऱ्याने आधी उघड्या नाकाने दोन्ही हुंगायच्या आणि केळ्याची कोणती ते सांगायचं. ते जमलं की मास्क चढवायचा, ताई त्याच्या डोक्यावरून एक पारदर्शक टोपडं सोडायची आणि त्या तेलात भिजवलेला बोळा आत अडकवायची. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, वर, खाली, आता मोठ्याने बोल. काय बोलू म्हणून विचारणाऱ्याला ती म्हणायची, “बायकोची तक्रार सांग, पुष्कळ वेळ पुरते.” शेवटी एकच प्रश्न, “येतोय का केळ्याचा वास?” येत असेल तर कुठेतरी फट आहे. पट्टे ओढा, दुसरा मास्क आणा, पुन्हा पहिल्यापासून. वास येत नसेल तर पास. इतकी साधी परीक्षा होती, की त्यात काही चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

या कामाला ताईला घेतलं तेच तिच्या नाकामुळे. आधी ती साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळायची, आणि कुठल्या कढईतला माल जरासा करपलाय हे गुंडाळता गुंडाळता सांगायची. खड्ड्यावर तिने एकदा जेवायच्या खोलीत पाऊल टाकताच विचारलं, “बूट न धुता कोण आलंय?” कोपऱ्यातला एक जण खाली मान घालून उठला. लोक तिला वचकून असायचे आणि तिच्यावर जीवही टाकायचे. कुणाच्या मास्कचा पट्टा सैल वाटला, तर ती चालत्या माणसाला कॉलरला धरून मागे ओढायची, मग तो मुकादम असो नाहीतर आणखी कुणी.

सगळे तिला ताई म्हणायचे, कारण तिचा भाऊ तिला ताई म्हणायचा. आणि भावाला सगळे धाकटा म्हणायचे, कारण ताई म्हणायची. धाकट्याचं डोकं पिकलं होतं, घरात लग्नाला आलेला मुलगा होता, तरी तो धाकटाच. तो माती उपसायचं मोठं यंत्र चालवायचा. एवढं धूड, पण त्याच्या हातात असं वागायचं, की गंजून पापुद्रा झालेलं पिंपही तो न फोडता अलगद उचलून ट्रकमध्ये ठेवायचा. ताई ते लांबून बघायची आणि शेजारच्याला म्हणायची, “घरात एक कप धड विसळता येत नाही याला.” पण बोलताना तिचा चेहरा फुललेला असायचा.

आई गेली तेव्हा धाकटा नुकता चालायला लागला होता आणि वडील कामानिमित्त बाहेर. ताईनेच त्याला वाढवलं. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. का राहिलं ते विचारलं की ती म्हणायची, “नाकाला कुणी पसंत पडला नाही.” पुढे धाकट्याला बायको तिनेच बघून आणली, आणि त्या दोघी जणी इतक्या एक झाल्या, की धाकट्याची पंचाईत व्हायची. सगळी एकाच घरात राहायची.

मास्कच्या परीक्षेत धाकटा पहिला. दर खेपेला एका फटक्यात पास. बाकीच्यांना पट्टे ओढता ओढता घाम फुटायचा, आणि हा टोपड्याखाली मान वळवत ताईला घरचं काहीबाही सांगत बसायचा. “येतोय का वास?” “छे.” सुरक्षेच्या मॅडम नवीन माणसांना त्याचं उदाहरण द्यायच्या, की मास्क असा बसायला हवा. ताईला कोण अभिमान वाटायचा. आपण वाढवलेलं पोर, त्याचे नाकडोळेसुद्धा कसे रेखीव, रबर कसं बरोबर बसतं बघा.

होता होता त्या जागेतल्या खड्ड्यांपैकी शेवटचा उरला. सगळ्यात मोठा, सगळ्यात घाण. धाकट्याने आपल्या यंत्राने पहिल्या खड्ड्याची पहिली बादली उपसली होती आणि आता शेवटची बादलीही आपणच उपसायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. तो उघडपणे म्हणायचाही, “मग काय यंत्राची किल्ली फेकून द्या, मला पर्वा नाही.” त्याच्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाने एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं.

आणि एका संध्याकाळी ताई बाजारातून घरी आली. जिन्यातच तिला वास आला. शेवटच्या पायऱ्या ती पळतच चढली. स्वयंपाकघरात शेगडीवर दुधाचं भांडं, दूध उतू जाऊन विझलेली आच, गॅस भसाभसा सुटलेला, आणि शेगडीपासून हाताच्या अंतरावर धाकटा पाटावर बसून मटार सोलत होता. बायको शेजारी गेली होती. “आलीस? अगं, यातले निम्मे किडके निघाले,” तो म्हणाला.

ताईने बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, त्याला दंडाला धरून गॅलरीत नेलं. “गॅस सुटला होता. तुला कळलं नाही?”

“सर्दी झालीय जरा.”

“सर्दी झालेल्याचा आवाज मला कळत नाही का रे?”

तो कठड्याला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “येत नाही वास. बरेच दिवस झाले. आधी कमी झाला, मग गेलाच.”

ताईला क्षणभर नुसतं भावाचं वाईट वाटलं. मग एकदम केळ्याची बरणी आठवली. ज्याला वास येत नाही तो पास. ज्याला कधीच, कसलाच वास येत नाही, त्याच्याइतका पक्का पास दुसरा कोण होणार? फाटका मास्क लावून बसला असता तरी तो “छे” म्हणाला असता, आणि तिने कौतुकाने त्याची पाठ थोपटली असती.

“पण आधीच्या दोन बरण्या? त्या कशा ओळखायचास?”

धाकटा ओशाळला. “तू झाकण काढलंस की केळ्याच्या बरणीपाशी तुझी डावी नाकपुडी जराशी हलते. लहानपणापासून हलते. मी चोरून काही खाल्लं असलं आणि तू हुंगायला लागलीस, की मी तिच्याकडेच बघायचो.”

आता यावर माणसाने हसायचं की कपाळ बडवायचं? बाकीचे सगळे बरणीकडे बघत होते, आणि हा एकटा बहिणीच्या नाकाकडे. दुसऱ्या कुणी परीक्षा घेतली असती तर तो पहिल्याच दिवशी सापडला असता. ताई होती म्हणून निभावलं.

“मी उद्या मॅडमना सांगणार,” ती म्हणाली.

“ताई, थोडंच राहिलंय गं. एवढा खड्डा होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येतो, म्हणशील त्या डॉक्टरला दाखवतो.”

“आणि मास्क गळत असेल तर?”

“गळत नाही. मला त्रास होतोय का काही? बघ, ठणठणीत आहे.”

उजेडात ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. मागे त्याच्या दोन दाढा काढल्या होत्या, त्या बाजूचा गाल आत गेला होता; तिथे रबर टेकणार तरी कसं? रोज बघतो तो चेहरा आपण बघतच नाही, हेच खरं. तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. पण तो असा बघत होता, की तिला सरळ नाही म्हणवेना.

“एक करू,” ती म्हणाली. “कोठीत कडू फवारा पडून आहे. नाक गेलं तरी जिभेला कडू कळतं. उद्या त्याने तपासते. मास्क नीट बसत असेल तर शेवटच्या बादलीपर्यंत मी तोंड उघडणार नाही. गळत असेल तर तुझं तू मॅडमना सांगायचंस. कबूल?”

“कबूल,” धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईने मॅडमना सांगितलं, की बरण्या फार दिवस वापरल्या, सगळ्यांना सवय झालीय, एकदा कडू फवाऱ्याने तपासू या. मॅडम वयाने लहान पण कामाला चोख. त्यांना ते लगेच पटलं, इतकंच नाही, तर त्या स्वतः येऊन ताईशेजारी खुर्चीवर बसल्या. ताईच्या बेतात हे नव्हतं, पण आता काय करणार?

बाहेर रांग लागली. धाकट्याचा नंबर आला. मास्कला फवाऱ्याच्या परीक्षेच्या वेगळ्या डब्या लावल्या, टोपडं सोडलं, ताईने समोरच्या भोकातून फवारा मारला. मान डावीकडे. मान उजवीकडे. वळता वळता धाकट्याची मान एकदम थांबली आणि मग पुन्हा वळली.

ताईने ते पाहिलं. लहानपणी तापात ती त्याला कडू औषध पाजायची, तेव्हा तो रडायचा नाही, थुंकायचा नाही. दोन्ही भुवया वर उचलून डोळे ताणून बसायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की काही झालंच नाही. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते, भुवया आणि डोळे. भुवया पार कपाळात गेल्या होत्या.

“कडू लागतंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

परीक्षेचा नियम असा, की मास्क घालणारा सांगेल ते प्रमाण. त्याच्या तोंडात काय चाललंय हे दुसऱ्याला कसं कळणार? मॅडमनी मान हलवली आणि पुढच्याला आत बोलवायला त्या दाराकडे वळल्या. धाकटा टोपड्यातून ताईकडे बघत होता. ज्याला घास भरवताना तिने आपल्या ताटातलं आधी दिलं, तो भाऊ तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होता. नुसतं गप्प बसायचं, एवढंच. आणि वेड्याने मागितलं ते काय, तर विष.

“मॅडम, हा खोटं बोलतोय,” ताई म्हणाली.

दाराकडे निघालेल्या मॅडम मागे फिरल्या.

“मास्क गळतोय. आणि त्याला वासही येत नाही. आतापर्यंतच्या त्याच्या सगळ्या परीक्षा फुकट गेल्या. मी घेतलेल्या.”

मॅडमनी धाकट्याकडे बघितलं. त्याने टोपडं काढलं, मास्क काढला, टेबलावर ठेवला, आपटला नाही. “ताई,” एवढंच म्हणाला, आणि रांगेतल्या माणसांकडे न बघता बाहेर पडला. त्याचे ओठ कडूने वाकडे झाले होते, ते सगळ्यांनी पाहिलं.

त्याला त्याच दिवशी रेघेच्या अलीकडे आणलं. यंत्र दुसऱ्या चालकाकडे गेलं. ताईने नाकपुडीचंही सांगून टाकलं, तेव्हा परीक्षा घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सोय राहू नये, म्हणून मॅडमनी मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायला लावला, आणि सगळ्यांची परीक्षा नव्याने घेतली. ताईला कुणी बोल लावला नाही. तिचा तिनेच पुरेसा लावून घेतला होता.

धाकटा तिच्याशी बोलायचा बंद झाला. एका घरात राहून न बोलणं काही सोपं काम नाही, पण त्याने ते नेटाने केलं. “तिला सांग, पंपाचं पाणी आलंय.” “तिला विचार, माझा चष्मा बघितला का.” ती समोर बसलेली असायची. त्याची बायको दोघांच्या मध्ये निरोप पोहोचवून पोहोचवून रडकुंडीला आली. एकदा तिने ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

“ताई, डॉक्टर काय म्हणाले ते यांनी तुम्हाला सांगितलंच नसेल. रक्तात सापडलं त्या मातीतलं विष. आता बाहेर आलेत तर हळूहळू उतरेल म्हणाले. आणखी काही दिवस आत राहिले असते तर काही सांगता आलं नसतं.” तिने ताईचा हात धरला. “नाकाचं मात्र अवघड आहे म्हणाले. कशाने गेलं तेही सांगता येत नाही, आणि परत येईल असंही नाही.”

ताई म्हणाली, “बोलला नाही तरी चालेल. असू दे समोर.” आणि कांदा चिरायला घेतला. खोटं होतं ते. न बोललेलं तिला अजिबात चालत नव्हतं. सकाळी डबा भरताना, जिना उतरताना, कामावरच्या खोलीत बसल्यावर, सगळीकडे तिला त्याची “ताई” ही एकच हाक आठवायची. आपण बरोबर केलं यात तिला शंका नव्हती. पण बरोबर केलं म्हणून माणसाला दुखत नाही असं कुणी सांगितलं?

शेवटची बादली दुसऱ्याच चालकाने उपसली. धाकटा त्या दिवशी स्वच्छ मातीचे ट्रक रिकामे करून घेत होता. त्याने वळूनही बघितलं नाही, असं लोक म्हणतात. मग खड्डा भरला, रोलर फिरला, मातीचे आणि हवेचे नमुने पुन्हा पुन्हा तपासायला गेले. आणि एका दुपारी मॅडमनी सगळ्यांना रेघेपाशी गोळा केलं, हातातलं हवा मोजायचं यंत्र उंच धरलं आणि म्हणाल्या, “आता मास्कची गरज नाही. या आत.”

इतकी वर्षं ज्या रेघेपाशी माणसं थबकायची, ती ओलांडताना सगळे बिचकले. मग एक जण गेला, दुसरा गेला. कुणी लहान मुलासारखं मोठमोठे श्वास घेतले. कुणी म्हणालं, ओल्या मातीचा वास येतोय. दुसरा म्हणाला, छे, गवताचा. त्यावर वाद जुंपला आणि कुणीतरी ओरडलं, “ताईला विचारा, ती सांगेल.” ताई बाजूला, नव्या मातीच्या उंचवट्यावर उभी होती.

माणसांतून वाट काढत धाकटा आला. तिच्या शेजारी उभा राहिला. आजूबाजूला सगळे ऐकत होते, आणि त्याला ते माहीत होतं.

“ताई,” तो म्हणाला, “मला तर काही कळत नाही गं. कसला वास येतोय, तू सांग.”

ताईने सांगायला म्हणून श्वास घेतला. पण त्याने हाक मारली तेव्हाच तिचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि नाक पार चोंदलं होतं. तिने पदराने नाक पुसलं, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा पुसलं. ज्या नाकाने साबणाची कढई ओळखली, न धुतलेले बूट ओळखले, त्या नाकाला ऐन वेळी माती कळेना की गवत कळेना.

“मलाही काही येत नाहीये रे,” ती म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. मग खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला, आणि तिथेच मातीवर बसकण मारली.

“बस,” तो म्हणाला. “येईल तुला जरा वेळाने. मग सांग.”